हॅमर रात्रीतून पडला कसा? कोरल दगडावर पक्कं बसवण्याबद्दल

प्रश्न असा आला आहे. एडिसनमधल्या एका ताईंच्या घरी १५० लिटरचा, ८ महिने जुना मरीन टँक आहे. दोन हेडचा (म्हणजे दोन मांसल टोकांचा) हॅमर, हातोडीसारख्या टोकाच्या तंतूंचं कोरल, त्यांनी दगडाच्या उतारावर सुपरग्लूने चिकटवला होता. तिसऱ्या रात्री तो सुटून वाळूत पालथा पडला आणि सकाळपर्यंत एक हेड गेलं. आता त्यांना विचारायचंय की गोंद कोणता वापरावा, त्याचा माशांना त्रास होतो का, चिकटवताना दगड बाहेर काढावा की पाण्यातच काम करावं. घरात तीन वर्षांचं मूल आहे आणि पुढचं कोरल म्हणून झोअँथिडची (फुलांसारख्या छोट्या रंगीत जीवांची) वसाहत घ्यायचा विचार आहे.

ताई, मी इथे न्यू जर्सीत १६ वर्षं लोकांचे खाऱ्या पाण्याचे टँक बसवून देतो आणि सांभाळतो. पडलेल्या कोरलचे फोन महिन्यातून दोनदा तरी येतातच. तुम्ही पाठवलेला फोटो पाहून तुमच्याकडे काय झालं ते सांगतो. तुम्ही वापरलेला गोंद नळीतून पाण्यासारखा वाहणारा आहे. तो दगडाच्या छिद्रांत जिरला, वर काही उरलंच नाही. दुसरं, लावलात तो जांभळ्या कोरलाइनवर. कोरलाइन म्हणजे दगडावर चढलेला शेवाळाचा चुनकट पापुद्रा. गोंद त्याला घट्ट धरतो, पण तो पापुद्राच दगडाला सैल असतो. तुमच्या हॅमरच्या बुडाला तो जांभळा टवका अजून चिकटलेला दिसतोय, म्हणजे गोंद सुटलाच नाही, दगडाची साल निघाली. तिसरं कारण फोटोच्या कोपऱ्यात आहे: लिंबाएवढी टर्बो गोगलगाय. रात्री ती बुलडोझरसारखी फिरते. उतारावर नुसत्या टेकवलेल्या वस्तूला तिचा एक धक्का पुरतो.

आमच्या धंद्यात नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. गोंदाने कोरलला जन्मभर धरून ठेवावं अशी अपेक्षा असते, आणि गोंदाचं ते कामच नाही. कोरल स्वतः आपलं मांस आणि सांगाडा पसरून दगडाला धरतं. पसरणारी मोंटीपोरासारखी जात काही आठवड्यांत गोंदावरून दगडावर उतरते. तोवर ते हलू नये एवढंच गोंदाने बघायचं. हॅमरचं मांस मात्र वरच्या टोकाला असतं, खालची काडी मेलेला सांगाडाच असते, त्यामुळे तो दगडाला स्वतः कधीच धरणार नाही. म्हणून त्याची बैठक आधी हवी, गोंद नंतर. डोक्यावरची घागर चुंबळीवर बसते, चिकटवलेली नसते. कोरलला तशी चुंबळ शोधून द्या. दगडात नैसर्गिक खड्डा असतो, दोन दगडांमधली फट असते, नाहीतर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खोबण कोरता येते. सुतार कुसू आणि खोबण जुळवतो तसं. माझी परीक्षा सोपी आहे: गोंद न लावता ठेवलेलं कोरल पंप चालू असताना जागेवर राहिलं, तरच गोंदाची नळी उघडायची.

गोंदाबद्दल. सायनोॲक्रिलेट म्हणजे साधा सुपरग्लू, पण जेल स्वरूपातला. तो पाण्याच्या स्पर्शानेच कडक होतो, म्हणून पाण्याखाली चालतो. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या पारदर्शक नेमासाठी प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाताशी आला. सगळ्याला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला होता. आज शस्त्रक्रियेनंतर जखम बंद करायला याच कुटुंबातला गोंद वापरतात. तुमचं घरगुती रसायन वेगळं असतं, त्यामुळे बोट कापलं म्हणून ही नळी जखमेवर पिळू नका. पण कडक झालेला सुपरग्लू टँकमध्ये माशांना किंवा कोळंबीला अपाय करत नाही. जगभरचे कोरल फार्म रोज शेकडो तुकडे असेच चिकटवतात. घेताना पाकिटावर ‘जेल’ लिहिलेलं आणि सायनोॲक्रिलेट हा मुख्य घटक असलेलं घ्या. बुरशीनाशक किंवा रंग मिसळलेलं काही नको. लहान नळ्या घ्या, कारण एकदा उघडलेली मोठी नळी आठवड्याभरात तोंडाशी दगड होते.

दुसरा प्रकार दोन भागांच्या एपॉक्सी पुटीचा. दोन काड्या कणकेसारख्या मळायच्या आणि रंग एकसारखा झाला की लावायच्या. गंमत म्हणजे पुटीला चिकटपणा जवळजवळ नसतो. ती भराव आहे, चुंबळ आहे. ओल्या दगडावर नुसती दाबली तर दुसऱ्या दिवशी कोरलसकट हातात येते. म्हणून आम्ही सँडविच करतो: कोरलच्या बुडाला जेल, त्यावर पुटीचा गोळा, त्याखाली पुन्हा जेल, आणि मग दगड. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन यांसारख्या जड आणि वाकड्या बुडाच्या कोरलला हीच पद्धत. घरातली पाइपाची गळती बुजवायची पुटी वापरू नका. ‘रीफसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलीच आणा. एका वेळी लिंबाहून मोठा गोळा टाकू नका. पुटी कडक होताना स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढतो आणि कप दहा मिनिटांत भरून सांडतो. मी तर त्या दिवशी स्किमर बंदच ठेवतो आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडतो. पाण्याला किंचित धूसरपणा येतो, घाबरू नका.

आता कामाचा क्रम. नवीन कोरल आणल्याबरोबर चिकटवू नका. आधी त्याला वाळूवर किंवा रॅकवर आठ-दहा दिवस राहू द्या, तिथल्या मंद प्रकाशाची सवय होऊ द्या. हवी त्या जागी नुसतं टेकवून दोन-तीन दिवस त्याचं तोंड बघा. हॅमरचे तंतू मंद डोलावेत. एका बाजूला पिंजारून उलटे पडत असतील तर प्रवाह जास्त आहे. ही पाहणी चिकटवण्याच्या आधी करायची, कारण नंतर हलवताना तोडफोड होते. शेजारी कोण आहे तेही बघा. हॅमर रात्री लांब डंख मारणारे तंतू सोडतो. शेजारच्या कोरलपासून १५ सेंटीमीटर तरी मोकळी जागा ठेवा. शेजारी गॅलॅक्सिया हे फार लांबवर डंख मारणारं कोरल असेल तर त्याहून जास्त.

कोरल फ्रॅग प्लगवर, म्हणजे दुकानात तुकडा चिकटवतात त्या छोट्या चकतीवर, आलेलं असेल तर प्लग उलटून नीट बघा. आयप्टेशिया या उपद्रवी जीवाचं छोटं पारदर्शक फूल, वर्मेटिड गोगलगायीची नळी, गोगलगायींची अंडी, चपट्या किड्यांची अंडी बहुतेक वेळा प्लगच्या खालीच सापडतात. डिपच्या, म्हणजे कोरल बुडवून काढायच्या, औषधाने किडे मरतात, अंडी सहसा मरत नाहीत. म्हणून मी शक्य असेल तिथे कोरल प्लगवरून कापून काढतो आणि प्लग फेकून देतो. ग्राहक विचारतात की दुकानदाराने इतक्या सफाईने बसवलेला प्लग का टाकता. मला तरी पुढे आयप्टेशिया मारत बसण्यापेक्षा ते परवडतं.

प्रत्यक्ष दिवशी सगळ्यात आधी हीटर बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. दगड किंवा बादलीभर पाणी बाहेर गेलं की पातळी उतरते, गरम हीटर हवेत उघडा पडतो आणि काच तडकते. मग वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप (टँकमध्ये पाणी परत आणणारा) बंद. टँकच्या वर टांगलेला दिवा बाजूला करा. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळ्या वायरी विजेच्या प्लगच्या खाली लोंबत आहेत ना, ते बघा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच टपकेल. हातावर कापलं-खरचटलं असेल तर लांब हातमोजे घाला. माशांच्या पाण्यातल्या एका मायकोबॅक्टेरियमने बोटावर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. मी दोन सहकाऱ्यांचे असे हात पाहिलेत.

दगड लहान असेल तर बाहेर काढून काम करणं सोपं. टँकचंच पाणी घेतलेली उथळ थाळी, त्यात दगड, वर ओला टॉवेल. कोरलला पाच-दहा मिनिटं हवेत राहता येतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली कोरल तर रोज उघडी पडतात. पण उचलण्याआधी हॅमरला हाताने हलकेच डिवचून आत मिटू द्या. फुललेल्या अवस्थेत बाहेर काढलात तर पाण्याने भरलेलं मांस स्वतःच्याच वजनाने सांगाड्याच्या धारेवर फाटतं. तसा फाटलेला हॅमर वाचवणं, न फाटू देण्यापेक्षा दहापट कठीण.

जागेवरचा जांभळा थर जुन्या टूथब्रशने आणि टोकदार हत्याराने नाणं मावेल एवढा खरवडून पांढरा दगड दिसू द्या. कोरलचं बूड कागदी टॉवेलने टिपून घ्या. कागदी म्हणालो, सुती नाही. याची गोष्ट माझ्या पहिल्या वर्षातली. नळीतून बाहेर आलेला गोंद मी जुन्या बनियनच्या फडक्याने पुसला. क्षणात फडक्यातून धूर निघाला, बोटाला चटका बसला आणि दोन फोड आले. सुती आणि लोकरी कापडाशी सायनोॲक्रिलेट झपाट्याने गरम होतं. म्हणून सुती हातमोजे नकोत, कापसाचा बोळा नको. नायट्राइलचे हातमोजे आणि कागद. बोटं चिकटलीच तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायची, ओढायची नाहीत. ॲसिटोन वापरायचं असेल तर टँकपासून दूर, आणि हात धुतल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही.

आता पाण्याखालची युक्ती, जी वाचून कळत नाही आणि दोनदा करून पाहिली की हाताला लागते. बुडाच्या मध्यभागी वाटाण्याहून मोठा जेलचा ढीग घ्या, पसरवू नका, उंच ठेवा. तो पाण्यात गेला की दोन-तीन सेकंदांत त्यावर पांढरी, सायीसारखी कातडी धरते. आत गोंद अजून ओला असतो. त्या कातडीवर तुम्ही नुसता दाब दिलात तर फक्त साय चिकटते आणि उद्या सुटते. म्हणून जागेवर टेकवल्यावर दाबत दाबत अर्धी फिरकी द्यायची, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. साय फाटल्याचं बोटाला जाणवतं. आधी गुळगुळीत घसरतं, मग वाळूवर काही घासावं तसं खरखरीत होतं आणि एकदम अडतं. ते अडलं की हात स्थिर. मनात तीस अंक मोजा. तुमचा हात थरथरतोय असं वाटलं तर कोपर टँकच्या काठावर टेकवा. सोडल्यावर लगेच धक्का मारून तपासायचा मोह आवरा. दहा मिनिटांनी वेव्हमेकर सगळ्यात कमी वेगावर, आणि पूर्ण वेग दुसऱ्या दिवशी. हीटर परत चालू केल्याची खात्री करा. हे विसरणारे आणि सकाळी थंडगार टँक पाहणारे माझ्याकडे बरेच आहेत.

तुमच्या हॅमरचं जे हेड मेलंय ते ठेवू नका. तुमचा फांद्यांचा हॅमर आहे, प्रत्येक फांदीचं हेड स्वतंत्र असतं, त्यामुळे मेलेली फांदी हाडं कापायच्या कातरीने मुळाशी कापून टाका. ती सडत राहिली तर शेजारच्या हेडकडे चिकट तपकिरी जेली पसरते आणि तेही जातं. उरलेली काडी सरळ खाचेत उभी करा, आत जेल, कडेने पुटीचा कठडा. मांसाच्या कडेपासून गोंद निदान बोटभर खाली राहील असं बघा. जिवंत मांसावर गोंद गेला की तो भाग गेला. भिंतीसारखा सलग हॅमर असता तर मी कापायला सांगितलं नसतं, कारण सलग मांस कापलं की जखम अख्ख्या कोरलभर सरकू शकते.

सगळ्या कोरलना हीच पद्धत लागू नाही. मश्रूम कोरलला गोंद लावून पाहा, सकाळी गोंदाचा पापुद्रा आहे तिथेच आणि मश्रूम टँकच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या बुडाचा बुळबुळीत स्राव कशालाही चिकटू देत नाही. त्याला दगडाच्या खड्यांनी भरलेल्या छोट्या वाटीत ठेवायचं, वर विरळ जाळीचं कापड रबराने ताणायचं आणि प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस सोडायचं. तोवर तो स्वतः एखाद्या खड्याला पाय रोवतो, मग तो खडा चिकटवा. लेदर कोरलचंही तसंच. त्याला लाकडी टूथपिक आरपार घालून दगडावर रबर बँडने सैलसर बांधतात. रबर करकचून आवळलं तर आठवड्यात कोरल दोन भागांत कापलेलं सापडतं. आणि झेनिया किंवा ग्रीन स्टार पॉलिप चिकटवायच्या भानगडीत पडू नका. उलट ते मुख्य दगडावर चढणार नाहीत असं वेगळं बेट करून द्या. ते एकदा पसरले की उपटता उपटता वर्ष जातं. वाळूवर राहणारी ट्रॅकीफिलिया, फंजियासारखी कोरल चिकटवायचीच नाहीत. त्यांची जागा जमिनीवर आहे.

झोअँथिडबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुमच्या घरात लहान मूल आहे. झोअँथिड आणि विशेषतः त्यांतली पॅलिथोआ ही जात, यांच्या काही वसाहतींत पॅलिटॉक्सिन असतं, ज्ञात विषांमधलं फार जहाल विष. १९७१ मध्ये रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी ते हवाईच्या माउई बेटावरच्या हानाजवळ सापडलेल्या पॅलिथोआपासून वेगळं केलं. कोणत्या वसाहतीत ते आहे आणि कोणत्यात नाही हे डोळ्यांनी कळत नाही. रंगावरून अंदाज बांधणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत झोअँथिड हाताळताना लोक आजारी पडल्याची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने केली आहे. तोंडात धातूची चव, ताप, खोकला, दम लागणं, अंग दुखणं. त्वचेवर जखम असेल तर तिथूनही विष जातं, डोळ्यात उडालं तर डोळा गंभीर दुखावतो.

म्हणून नियम ठरलेले. झोअँथिड हाताळताना नायट्राइलचे दुहेरी हातमोजे आणि बाजूने बंद गॉगल, चष्मा नव्हे. पॉलिप (वसाहतीतलं एकेक फूल) दाबले की त्यातून पिचकारी उडते आणि ती थेट डोळ्याच्या उंचीवर येते. वसाहत कापायचीच असेल तर पाण्याखाली, हवेत नाही. ब्लेड दोन पॉलिपच्या मधल्या जागेतून न्यायचं, पॉलिपवरून नाही. दगडावरचे झोअँथिड काढायला उकळतं पाणी किंवा स्टीम वापरायचं नाही, कधीच नाही. वाफेबरोबर विष हवेत जातं आणि आजारी पडतं ते सगळं घर. काम संपल्यावर थाळी, ब्लेड, हातमोजे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नेऊ नका. मुलाला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि वर सांगितलेली लक्षणं दिसली तर वाट न बघता इस्पितळात जा, आणि ‘टँकमधलं झोअँथिड’ हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाहीतर फ्लू समजून परत पाठवतात. तुमच्या जागी मी असतो तर मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत झोअँथिड घेतलं नसतं. मांजरासारखं मूल टँकच्या काठाला लटकतं आणि बोटं तोंडात घालतं. रंगाची हौस डिस्कोसोमा मश्रूमने भागते, आणि ते स्वस्तही पडतं.

भारतातून जे हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच. तिथे सांगाडा बांधणारी सगळी कठीण कोरल, शिवाय सी फॅन, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून त्यांना हे संरक्षण मिळालं. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला पोवळ्याचा तुकडा उचलून टँकमध्ये ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो, आणि ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा तसाच सांगाडा असतो. सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा कृत्रिम दगड घ्या. चिकटवायला तो उलट सोपा असतो, कारण त्याला कोरलाइन नसते आणि भोकं आधीच पाडता येतात. मालवणात सुट्टीला गेल्यावर स्नॉर्केलिंग करून पाण्यातली कोरल बघा. मी लहानपणी ती तिथेच पहिल्यांदा पाहिली, आणि हात लावू नको म्हणून खलाशाचा ओरडाही तिथेच खाल्ला.

पुन्हा तुमच्या टँककडे. तुमच्या टर्बोला शिक्षा म्हणून हाकलू नका. शेवाळ खाणारा तो चांगला कामगार आहे. आठवडाभर त्याला आणि अर्चिन (काटेरी गोल समुद्री प्राणी) असेल तर त्यालाही जाळीच्या डब्यात ठेवा, एवढं पुरे. हॅमर पहिल्या दिवशी मिटलेला राहील, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण फुलेल. चौथ्या दिवसापर्यंत तोंड बंदच असेल तर जागा बदलण्याआधी पाण्याचा खारटपणा आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद) मोजा. आठ महिन्यांच्या टँकमध्ये बहुतेक वेळा चूक जागेची नसते, अल्कलिनिटीच्या उड्यांची असते. आणि कधी हा हॅमर हलवायची वेळ आलीच तर हाताने उपटू नका. सुपरग्लू कडक झाला की ठिसूळ असतो, त्यामुळे खालून छिन्नीचं पातळ टोक गोंदाच्या थरात सरकवून हलका टकोरा मारा. दगडाच्या बाजूचा गोंद सुटतो, कोरलच्या बुडाला राहतो. तो खरवडत बसू नका, त्याच्यावरच नवा जेल लावा.